नैरोबी म्हणजे फक्त 'नाइट हॉल्ट'?

आपल्याकडच्या बहुतेक केनिया टूरच्या कागदावर नैरोबीच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते. आगमन, हॉटेल, विश्रांती. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गाड्या मसाई मारा अभयारण्याच्या वाटेला. जेवायला सोबत नेलेल्या महाराजांचा वरण-भात आणि बटाट्याची भाजी. मारा बघूच नका असं कोण म्हणतंय? पण माणसं आणि जनावरं एकमेकांना खेटून, भांडत-तंडत कशी राहतात हे बघायचं असेल, तर नैरोबीतच मुक्काम ठोकायला हवा. माझा भाऊ तिथे नोकरीला आहे, म्हणून मला ते निवांत बघता आलं.

शहराच्या मध्यापासून सातेक किलोमीटरवर नैरोबी नॅशनल पार्क. १९४६ सालचं, ११७ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बोरिवलीच्या उद्यानापेक्षा थोडंसंच मोठं. बिबट्याचं मुंबईकरांना अप्रूप नाही, पण इथे सिंह आहेत, काळे गेंडे आहेत, आणि जिराफाच्या मानेमागे काचेचे टॉवर दिसतात. मधूनच उंच खांबांवरून नवी रेल्वे जाते. तिला तिथे भरपूर विरोध झाला होता, तरी ती झालीच. (हे वाचून आरे आठवलं तर दोष माझा नाही.)

उद्यानाला तीन बाजूंनी कुंपण आहे, दक्षिणेची बाजू मोकळी. झेब्रे पावसापाण्याप्रमाणे कितेंगेलाच्या माळावर ये-जा करतात, त्यांच्या मागे सिंह, आणि माळावर मसाई या गुराखी जमातीची गुरं. २०१६ मध्ये मोहॉक नावाचा सिंह असाच बाहेर पडला, त्याने एका माणसाला जखमी केलं, आणि वन्यजीव खात्याने त्याला गोळ्या घातल्या. लोक खूप हळहळले. ज्याची गाय रात्रीतून जाते त्याच्यासाठी इतकं कुणी हळहळत नाही, हेही खरं.

त्याच बाजूला रिचर्ड तुरेरे नावाचा मसाई मुलगा घरची गुरं राखायचा. त्याने आधी शेकोटी करून पाहिली, मग बुजगावणं. सिंह एका रात्रीत शहाणे झाले. मग त्याच्या लक्षात आलं की विजेरी घेऊन फिरणाऱ्या माणसाला सिंह बिचकतो. गाडीची जुनी बॅटरी, सोलर पॅनल, मोटरसायकलच्या इंडिकेटरचा डबा आणि मोडक्या विजेऱ्यांचे दिवे एवढ्यावर त्याने गोठ्याभोवती लुकलुकणारे दिवे लावले. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता.

अशीच टाकाऊतून टिकाऊ करायची करामत शहरात बघायची तर कमुकुंजी या कारागिरांच्या वस्तीत जा. 'जुआ काली', म्हणजे डोक्यावर कडक ऊन घेऊन काम करणारे कारागीर. जुन्या पिंपांचा पत्रा ठोकून सपाट करायचा, कापायचा, दुमडायचा आणि त्यातून शेगड्या, ढकलगाड्या, शाळेच्या वसतिगृहात न्यायच्या ट्रंका काढायच्या. शेगडीची कंबर बारीक, आतून मातीचं अस्तर, त्यामुळे कोळसा कमी लागतो. हातोड्यांचा आवाज इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. पर्यटक इथे फारसे येत नाहीत. ते मसाई मार्केटला, म्हणजे हस्तकलेच्या बाजाराला जातात.

मसाई मार्केटही बघाच, पण नावावर जाऊ नका. गुळगुळीत दगडी पाणघोडे किसी नावाच्या भागातले, सिसलच्या (घायपाताच्या धाग्याच्या) कियोंडो टोपल्या कांबा आणि किकुयू जमातींच्या बायकांच्या. मण्यांचे गळेपट्टे मसाईंचे, पण काचेचे मणी बहुधा चेक देशातून आलेले. घासाघीस चालते, करावी. पण बाई चालता-बोलता दिवसचे दिवस विणते ती टोपली 'अर्ध्यात दे' म्हणून आपली माणसं अडून बसतात ना, तेव्हा मला लाज वाटते. त्याच संध्याकाळी विमानतळावर दुप्पट पैशाचं चॉकलेट घेतात!

खाण्याचं म्हणाल तर केन्याटा मार्केट. बोकडाचं मटण किलोवर निवडायचं, निखाऱ्यावर भाजून होईपर्यंत तासभर गप्पा हाणायच्या. कुणीतरी तांब्या-घंगाळ घेऊन हात धुवायला पाणी घालतं. मग लाकडी पाटावर तुकडे, कोपऱ्यात मिठाची ढीगभर रास, बाजूला पांढऱ्या मक्याचा उगाली आणि कांदा-टोमॅटोची काचुंबरी. मसाला नाही, रस्सा नाही. पहिल्या घासाला कोल्हापूरकर नाक मुरडेल, तिसऱ्याला गप्प होईल. शाकाहारींनीही कुरकुरू नये. मका-घेवड्याची गिथेरी, परतलेली सुकुमा विकी ही पालेभाजी आणि पदर सुटणारी चपाती कुठेही मिळते. इंग्रजांच्या काळात रेल्वे बांधायला गेलेल्या आपल्या लोकांच्या मागोमाग गेलेली चपाती आता तिथे सणासुदीला हवीच.

जाणार असाल तर शुक्रवार हाताशी ठेवा, त्या दिवशी मसाई मार्केट 'व्हिलेज मार्केट' नावाच्या मॉलमध्ये भरतं. हत्तीची अनाथ पिल्लं बघायची असतील तर शेल्ड्रिक ट्रस्टच्या हत्ती-अनाथालयाचं बुकिंग आधीच करा, सकाळी अकरा ते बारा एवढाच वेळ असतो. आणि पीतज्वराची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या. दाखला नसेल तर परतताना मुंबईत क्वारंटाइनमध्ये बसावं लागेल, आणि तिथे मात्र खरंच वरण-भातच मिळेल.