म्हणे सवलतीने बाजाराला उठाव येतो!

जुनी गाडी मोडीत काढा आणि नव्या गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सूट मिळवा, हा विषय निघाला की आमच्या सोसायटीत कोणीतरी ‘याने अर्थव्यवस्थेला चालना मिळते’ हे पालुपद आळवतोच, आणि माझे डोके फिरते. अमेरिकेने २००९ मध्ये ३ अब्ज डॉलर खर्चून सुमारे पावणेसात लाख गाड्या मोडीत काढल्या, त्यांची चालू इंजिने रसायन ओतून मुद्दाम निकामी केली, आणि तरीही वाढलेली विक्री बहुतांशी पुढच्या महिन्यांतूनच उसनी आणलेली निघाली. स्वस्त जुनी गाडी शोधणाऱ्याचा आणि कुर्ल्याच्या बाजारात सुटे भाग विकून पोट भरणाऱ्याचा तोटा मात्र या हिशेबात कोणीच धरत नाही.