विमानतळाची मेट्रो नुसती प्रवाशांसाठी नसते

पुण्यातल्या नातेवाइकांशी बोलताना मेट्रोचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘विमानानं जाणारा मेट्रोनं कशाला जाईल? तो कॅब करेल, नाहीतर घरची गाडी येईल न्यायला.’ वनाझहून निघणारी मेट्रो मार्च 2024 पासून रामवाडीपर्यंत धावते. तिथून लोहगाव विमानतळ काही किलोमीटरवर, आणि चांगले शिकलेसवरलेले लोक विचारतात, पुढे नेऊन करायचंय काय! मला याचा मनापासून राग येतो.

इथे कॅनडात, मी राहतो त्या व्हँकूव्हरमध्ये, विमानतळाला जाणारी मेट्रो, कॅनडा लाइन, ऑगस्ट 2009 मध्ये सुरू झाली, हिवाळी ऑलिंपिकच्या काही महिने आधी. शहरातल्या वॉटरफ्रंट स्थानकाहून विमानतळ पंचवीसेक मिनिटांत. गाडीला चालक नाही, याचं कुणाला अप्रूप नाही. इथलीच जुनी मेट्रो, एक्स्पो लाइन, 1985 च्या अखेरीपासून तशीच चालते. चालक लागत नाही म्हणून दोन डब्यांच्या गाड्यासुद्धा दर काही मिनिटांनी सोडता येतात. पहाटेच्या गाडीत वाटेतल्या ब्रिजपोर्ट स्थानकात चढून बघा. बॅगांपेक्षा गळ्यातली ओळखपत्रंच जास्त दिसतात. सफाईवाले, सुरक्षारक्षक, कॉफीचं दुकान उघडायला निघालेल्या पंजाबी आणि फिलिपिनो बायका. विमानतळावरून शहराकडे येताना जादा भाडं पडतं, पण मासिक पास असेल तर नाही. म्हणजे भार पाहुण्यावर, रोज राबणाऱ्यावर नाही. लोहगावला पहाटे कामावर जाणाऱ्या बाईला कॅब परवडते का, हे पुण्याच्या चर्चेत कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

मग उत्तर येतं, ‘तुमच्याकडे सगळं सोपं असतं.’ मुळीच नव्हतं. 2004 मध्ये इथल्या वाहतूक मंडळानं हाच प्रकल्प दोनदा फेटाळला आणि नंतर मंजूर केला. भुयारासाठी कॅम्बी स्ट्रीट हा रस्ता वरून उकरून काढला, दुकानदारांचे धंदे बसले, ते कोर्टात गेले. पैसे वाचवायला फलाट इतके आखूड केले की आज संध्याकाळी गाडीत शिरायला जागा नसते. याउलट मुंबईनं मेट्रो 3 आठ डब्यांची केली, भुयारातून विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलना नेली आणि ऑक्टोबर 2025 मध्ये कफ परेडपर्यंत पुरी केली. हे मी इथल्या ऑफिसात छाती पुढे काढून सांगतो. मुंबईला जमतं, तर पुण्याला का नको?

पण माझ्या रागाचं मूळ ‘घरची गाडी येईल’ या शब्दांतही आहे. मी पुण्याला उतरतो तेव्हा कितीही रात्र असो, दादा येतो. साठी उलटली त्याची, समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपतात, तरी येतो. कॅब करतो म्हटलं की दुखावतो. व्हँकूव्हरला परत उतरलो की मला न्यायला कुणीच नसतं आणि मी कुणाला सांगतही नाही. कंपास कार्ड, म्हणजे इथलं तिकिटाचं कार्ड, टेकवतो नि मेट्रोत चढतो. ही गाडी आहे म्हणून मला इथे कुणाच्या उपकाराशिवाय राहता आलं. पुण्यातले ज्या गाडीला बिनकामाची म्हणतात, तिच्यावर मी इतकी वर्षं विसंबून आहे.

रामवाडीच्या पुढे मेट्रो गेली तर दादाला ‘नको येऊस’ म्हणायला मला सबब मिळेल. त्याच्या डोळ्यांसाठी ती मिळायलाच हवी. पण तो खरंच आला नाही, तर मी पुण्यात घरी आलोय असं मला वाटेल का, हे मला सांगता येत नाही.