अंदमानचा समुद्र म्हणजे तळं नव्हे

सुट्ट्या जवळ आल्या की ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो: "अंदमानचं पाणी तळ्यासारखं शांत. पोहता येत नसलं तरी लाइफ जॅकेट घालून बिनधास्त उतरा. लाटा नसतील तिथे पोहा. ओढ लागली तर जीव तोडून किनारा गाठा. शेवटच्या दिवशी सकाळी स्कूबा, दुपारी विमान!" हा सल्ला जीवावर बेतू शकतो.

'तळ्यासारखं शांत': हिवाळ्यात बहुतेक दिवस, हो. पण स्वराज द्वीपचा (हॅवलॉक) राधानगर किनारा पश्चिमेला आहे. मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या लाटा थेट तिथे आदळतात. शिवाय खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेतच. २०१० मध्ये राधानगरलाच स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका परदेशी पर्यटक तरुणीचा मगरीने जीव घेतला. खाडीच्या तोंडाशी, तिवरांजवळ किंवा अंधार पडताना पाण्यात उतरू नका. मगरीचा फलक असेल तिथे घोटाभर पाण्यातही नाही.

'लाटा नसतील तिथे पोहा': सगळ्यात वाईट सल्ला हाच. फुटलेल्या लाटांचं पाणी वाळूच्या दांड्यातल्या खोलगट वाटेने समुद्रात परत जातं. त्या वाटेवर खोली जास्त, म्हणून लाट फुटत नाही. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधे गडद, सपाट पट्टा दिसला, की तीच ओढीची जागा. उतरण्याआधी दहा मिनिटं जरा उंचावरून पाणी बघा, पट्टा ओळखू येतो.

'जीव तोडून किनारा गाठा': जोरदार ओढ सेकंदाला दोन मीटरच्या वेगाने जाते. तिच्याविरुद्ध पट्टीचा पोहणाराही दमतो, आणि माणूस बुडतो तो दमल्यामुळे. ओढ बाहेर नेते, तळाशी खेचत नाही. पाठीवर तरंगा, हात वर करून हाका मारा. ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत फेसाच्या पाण्यात या आणि मग तिरपे बाहेर पडा. काठावरच्यांनी मागोमाग उडी न मारता ट्यूब, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेकावं आणि जीवरक्षकाला बोलवावं.

'लाइफ जॅकेट घाला आणि उतरा': जॅकेट सैल असेल तर पाण्यात ते कानांपर्यंत वर सरकतं आणि तोंड पाण्यात जातं. लेबलवरचं वजन बघा, सगळी बक्कल लावा, पट्टे आवळा. मग कुणालातरी खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. हनुवटीच्या वर गेलं तर दुसरं मागा. लहान मुलांना पायांमधून जाणारा पट्टा हवाच. आणि जॅकेट तरंगवतं, वाहून जाण्यापासून वाचवत नाही. पोहता येत नसेल तर एलिफंट बीचवर गाइडने धरलेली ट्यूब सोडू नका.

'सकाळी स्कूबा, दुपारी विमान': बुडी मारताना दाबामुळे नायट्रोजन रक्तात विरघळतो. विमानात दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात; सांधे दुखतात, क्वचित पाय लुळे पडतात. एका बुडीनंतर किमान १२ तास, अनेक बुड्यांनंतर १८ तास विमान नको. स्कूबा सहलीच्या सुरुवातीला ठेवा, सेल्युलर जेल शेवटच्या दिवसासाठी.