प्रत्ययांचा भुर्दंड
माझा धंदा शब्द मोजून मिळणाऱ्या मजुरीचा आहे. चोपडा तालुक्यातल्या घरी, ओसरीवर लॅपटॉप घेऊन मी इंग्रजीचे मराठी करतो आणि वीज गेली की मोबाइलच्या इंटरनेटवर तेच काम पुढे रेटतो. आजवर माझा दर मूळ इंग्रजी शब्दांवर ठरत असे. गेल्या महिन्यात मात्र एका एजन्सीने यापुढे भाषांतरातले शब्द मोजले जातील असे कळवले, आणि दर तर तोच आहे या आनंदात मी होकार देऊन बसलो.

काम ठिबक सिंचनाच्या माहितीपत्रकाचे होते. पहिल्याच ओळीत 'ईव्हन फॉर द फार्मर्स' असे चार शब्द होते. मी सवयीने 'शेतकऱ्यांसाठीसुद्धा' असे टंकले, तर कोपऱ्यातली मोजणी फक्त एकने वाढली. हेच पत्रक हिंदीत करणाऱ्याने 'किसानों के लिए भी' लिहून चारही शब्दांचे पैसे उभे केले असणार, कारण त्यांच्याकडे ही मंडळी सुटी राहतात. आपल्याकडे विभक्तिप्रत्यय काय, शब्दयोगी अव्यये काय, सगळी नामाला गोचिडासारखी चिकटतात. (मल्याळमवाल्यांचे हाल याहून वाईट असतील, हा विचार मला दोन मिनिटे पुरला.)

मग मनात पाप आले. 'ठिबकने' खोडून 'ठिबक सिंचन पद्धतीच्या माध्यमातून' केले. 'पाणी द्यावे' याचे 'पाणी देण्याची प्रक्रिया पार पाडण्यात यावी' झाले. सरकारी परिपत्रकांची भाषा कशी जन्मली असेल, याचा त्या रात्री मला उलगडा झाला. पण मजकूर मोठ्याने वाचून पाहिला तेव्हा खाटेवर पडलेले वडील दचकून उठले आणि नोटीस कोणी धाडली म्हणून विचारू लागले. निमूटपणे सगळे पूर्ववत केले.

वडिलांना हिशेब समजावून सांगितला. आमची केळी मोजताना व्यापारी घडाच्या दांड्याचे वजन वजा करतो, त्यामुळे त्यांना फार सांगावे लागले नाही. "मंग तुना दांडा कितला गया?" त्यांनी विचारले. २,००० इंग्रजी शब्दांचे मराठीत १,४८० झाले होते, म्हणजे दांडा ५२० शब्दांचा निघाला. "व्यापारी बदल," एवढे सांगून त्यांनी कूस बदलली.

मूळ शब्दच मोजावेत, असे विनंतीपत्र मी त्याच रात्री एजन्सीला लिहिले. त्याचे पैसे कोणीच देणार नव्हते, आणि इंग्रजीत असल्यामुळे ते चांगले ४०० शब्दांचे झाले.