विरोध १९४३ च्या आधीही होता
लेख आवडला, पण इटलीतल्या फॅसिझमविरोधी लढ्याची सुरुवात थेट इटलीने दोस्त राष्ट्रांशी केलेल्या सप्टेंबर १९४३ च्या शस्त्रसंधीपासून केलीत, ते खटकलं. मुसोलिनीच्या फॅसिस्ट राजवटीची त्याआधीची वीस वर्षं काय सगळे हाताची घडी घालून बसले होते? समाजवादी खासदार मात्तेओत्तींनी ३० मे १९२४ ला भर संसदेत फॅसिस्टांची निवडणुकीतली दंडेली चव्हाट्यावर आणली. १० जूनला रोममध्ये त्यांना दिवसाढवळ्या गाडीत कोंबून नेलं आणि ठार मारलं. १९३१ मध्ये प्राध्यापकांवर राजवटीशी निष्ठेची शपथ लादली, तेव्हा साधारण बाराशेंपैकी जेमतेम डझनभरांनी नकार दिला. (बाकीच्यांना नावं ठेवणं सोपं आहे, नोकरी जात होती हो!)

आणि मार्च १९४३ चे तुरीनचे संप तुमच्या लेखातून कसे काय सुटले? बॉम्बहल्ले, महागाई, खाण्यापिण्याची मारामार... फियाटच्या मिराफिओरी कारखान्यात कामगारांनी काम थांबवलं आणि ते लोण मिलानपर्यंत पोचलं. तेव्हा मुसोलिनी अजून खुर्चीवर होता, जुलैत पायउतार झाला.

शस्त्रसंधीनंतर जर्मनांनी ताबा घेतलेल्या भागात प्रतिकार चळवळीसाठी सायकलवरून निरोप, पत्रकं, प्रसंगी हत्यारंही पोचवणाऱ्या बायकांना तर तुम्ही एका ओळीत गुंडाळलंत. जर्मन नाक्यांवरून पिशवीत भाजीखाली हे सगळं न्यायचं म्हणजे खायचं काम नव्हतं. त्यांच्यावर स्वतंत्र लेख येऊ द्या.