डूख साप पण धरत नाही, कुत्रा कुठला धरतोय

"मार खाल्लेला कुत्रा डूख धरतो, आज ना उद्या उलटतो, असले घरी आणू नका. खाऊ घालणाऱ्यांमुळेच हे वाढलेत, उचला आणि खाडीपलीकडे सोडून या." हा फॉरवर्ड सध्या नवी मुंबईतल्या नेरूळ-सीवूड्सच्या सोसायटी ग्रुपांवर फिरतोय.

आधी डूख. कुत्र्याला लक्षात राहतं हे खरंय, पण राहते ती भीती, सूड नाही. ज्याला काठीने बडवलंय तो काठी बघून दबतो, कुणी हेल्मेट घालून मारलं असेल तर हेल्मेट दिसलं की शेपूट आत, मग ते बिचाऱ्या डिलिव्हरीवाल्याचं का असेना. आणि त्याच कुत्र्याला दुसऱ्या कुणी रोज ठरल्या वेळी, अंगावर न जाता, खाऊ दिला की काही आठवड्यांत तो हातातून खायला लागतो. याला "माफ केलं" म्हणणारे पण मला जरा भाबडेच वाटतात, जुनी भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवीन विश्वास बसतो, आणि तो तसा बसू देतो हेच खूप झालं की.

उलटतो म्हणे. गुरगुरणं म्हणजे "लांब राहा" इतकंच, त्यासाठी ओरडलात तर तो गुरगुरणं सोडतो आणि पुढच्या वेळी न सांगता चावतो. घरी आणलेला पहिले दिवस सोफ्याखाली बसला तर बसू द्या, ओढून काढू नका, पाहुण्यांना दाखवू नका. चावलाच तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं जखम धुवायची नि लगेच दवाखाना, इथे हयगय नको.

खाडीपलीकडचं तर बोलूच नका. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लस झालेला कुत्रा होता त्याच जागी सोडायचा असतो. शाळा, हॉस्पिटल, स्टेशन यांच्यासाठी सुप्रीम कोर्टाचा नोव्हेंबर २०२५ चा वेगळा आदेश आहे, पण आपली गल्ली त्यात येत नाही. इथले नसबंदीवाले उचलले तर रिकाम्या जागेत बाहेरचे येतात, न केलेले.

आणि खाऊ घालणारे? अहो, नसबंदीसाठी पकडायची गाडी आली की कुत्रे पळतात, तेव्हा हाकेला येतात ते त्यांच्याच. कुणाच्या कानाला काप आहे, म्हणजे नसबंदी झालीय, कोण राहिलंय हे त्या काकूंना तोंडपाठ असतं, भांडायच्या आधी त्यांना एकदा विचारा तरी.