कृपया तातडीने पाहावे

आपल्या कंपनीत कायदा विभाग नावाची एक खोली असेल, तर ती कशी चालवावी याविषयी गेल्या आठवड्यापासून माझ्यापाशी बरेच ज्ञान साचले आहे. कारखाना हिंगण्याला असो, बुटीबोरीला असो वा कार्यालय मिहानमध्ये असो, पुढील सूचना सर्वत्र सारख्याच उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट, करार कायदा विभागाला सही होण्यापूर्वी कधीही दाखवू नये. अगदीच दाखवावा लागला, तर शुक्रवारी सायंकाळी सव्वासहा वाजता बेचाळीस पानांचा गठ्ठा टेबलावर ठेवून ‘दोन मिनिटाचं काम आहे जी वकीलसाहेब, फक्त नजर मारून द्या’ असे म्हणावे आणि उत्तराची वाट न पाहता लिफ्टकडे वळावे. करार इंटरनेटवरून उतरवलेला असल्यास उत्तम. बुटीबोरीहून कळमेश्वरला माल नेणाऱ्या ट्रकमालकाशी वाद झाल्यास लवाद लंडनमध्ये बसेल, असे कलम मी या डोळ्यांनी वाचले आहे. त्यावर आक्षेप घेतला, तेव्हा ‘तुम्ही लोक धंदाच होऊ देत नाही’ हे उत्तर मिळाले. ट्रकमालकाकडे पासपोर्ट आहे का, हे मात्र कोणी विचारले नाही.

मुद्रांक शुल्काची चिंता करू नये. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभराच्या मुद्रांकाची जागा बहुतेक ठिकाणी पाचशेच्या मुद्रांकाने घेतली आहे. तरीही जुन्या सवयीने शंभराचाच कागद लावावा आणि वाचलेले चारशे रुपये खर्चकपातीच्या तक्त्यात अभिमानाने दाखवावेत. पुढे तो करार न्यायालयात पुरावा म्हणून पुढे केल्यावर तुटीच्या रकमेसह दंड भरावा लागतो, पण तो खर्च कायदा विभागाच्या खात्यावर पडतो.

न वटलेला चेक विक्री विभागाच्या खणात निदान एकतीस दिवस मुरू द्यावा, म्हणजे परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली ३० दिवसांत नोटीस पाठवण्याची कटकट आपोआप मिटते.

आपला विधी अधिकारी स्वतः न्यायालयात का उभा राहत नाही, हा प्रश्न दर तिमाहीला नव्याने विचारावा. पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही, असा भारतीय विधिज्ञ परिषदेचा नियम ४९ आहे आणि म्हणून नोकरीवर येताना त्याने सनद स्थगित करून घेतली आहे, हे त्याने मागच्या तिमाहीला सांगितलेले असतेच. बाहेरच्या वकिलांची देयके मात्र लेखा विभागाने नऊ महिने बारकाईने तपासावीत.

आता मुख्य सूचना, टपालाविषयी. न्यायालयाचा किंवा आयोगाचा लिफाफा आला, की तो कायदा विभाग सोडून सर्वत्र फिरवावा. आमच्याकडे ग्राहक आयोगाची नोटीस तक्रारीच्या प्रतीसह आली. मोटारपंपाची तक्रार होती. लिफाफा जाड, म्हणजे आत बिले असणार, असा तर्क करून स्वागतकक्षाने तो लेखा विभागाकडे धाडला. तिथे तो मार्चअखेरच्या गठ्ठ्याखाली गेला. मग पंपाचे नाव दिसल्यामुळे सेवा विभागाकडे, तिथले साहेब यवतमाळच्या दौऱ्यावर म्हणून त्यांच्या खणात, आणि तिथून ‘कृपया तातडीने पाहावे’ अशी पिवळी चिठ्ठी लागून माझ्या टेबलावर. फाटकावरच्या शिक्क्यापासून मी दिवस मोजले. सत्तेचाळीस.

नागपूरकराला ४५ हा आकडा मे महिन्यामुळे पाठ असतो. ग्राहक आयोगातही तोच आकडा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील कलम ३८ नुसार लेखी जबाबाला ३० दिवस, आयोगाने मान्य केल्यास आणखी १५. त्यापुढे एक दिवसही वाढवून देण्याचा अधिकार आयोगाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये जुन्या कायद्यातील तशाच तरतुदीबाबत सांगून ठेवले आहे. हे सारे मी वरच्या मजल्यावर समजावून सांगितले. ऐकून घेतल्यावर मला विचारण्यात आले, ‘पण काही ओळख नाही का तिथे?’

ओळख! पंप दोनदा दुरुस्त करून दिल्याची नोंद आमच्याकडे होती, त्याखाली ग्राहकाची सही होती, तिसऱ्या वेळी मोटार उघड्या वायरीमुळे जळाल्याचा तंत्रज्ञाचा अहवाल होता. हातची केस होती. ती सारी फाइल आता माझ्या कपाटात आहे आणि आयोगापुढे आमचा लेखी जबाब नाही. वार्षिक मूल्यमापनात माझ्या नावापुढे ‘पाठपुराव्यात कमतरता’ असे लिहून आले आहे. जो कागद मला मिळालाच नाही, त्याचा पाठपुरावा मी कसा करायचा होता? लेखा विभागाच्या गठ्ठ्याखाली हात घालून?

लाखांचे सॉफ्टवेअर मी कधी मागितले नाही. तुम्हाला एवढेच सांगितले होते, की आलेल्या प्रत्येक लिफाफ्याची तारीख टाकून नोंद करा आणि ज्यावर न्यायालय, आयोग, लवाद किंवा वकील हा शब्द दिसेल, तो त्याच दिवशी वर माझ्याकडे पाठवा, फोडू नका, तर्क करू नका. त्यासाठी सीताबर्डीहून वहीसुद्धा मी स्वतःच्या पैशाने आणून स्वागतकक्षात ठेवली. काल ती उघडून पाहिली, तर पहिल्या तीन पानांवर पाण्याच्या कॅनचा हिशेब आहे आणि पुढची पाने कोरी आहेत. एवढे साधे काम तुम्हाला जमत नसेल, तर निदान निकाल विरुद्ध गेल्यावर माझ्याकडे बोट दाखवू नका. कॅनचा हिशेब दुसरीकडे लिहा. आणि आज सकाळपासून स्वागतकक्षाच्या काउंटरवर जो खाकी लिफाफा पडला आहे, तो आधी वर पाठवा.